हाऊसफुलची पाटी

"पाटी कुणी लावली?"

"मी लावली. का?"

"का म्हणून विचारतेस? अगं ताई, आत पुढच्या चार रांगा मोकळ्या आहेत! मी आत्ता बघून आलो. कुत्रं नाही बसलेलं तिथे. आणि तू बाहेर हाऊसफुल लावून मोकळी?"

"हळू बोल. बाहेर ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू! ऐकायला उरलंय कोण? रविवारची संध्याकाळ, रांग पार फाटकापर्यंत, आणि तू खिडकीची फळी पाडलीस. माणसं घाम पुसत परत चालली आहेत, ताई!"

"परत जावीत म्हणूनच लावलीय."

भावाने कपाळावर हात मारून घ्यायला हात उचलला, पण तिकीटखोली इतकी अरुंद की कोपर भिंतीवर आपटलं. तो कळवळला. एरवी ताई हसली असती. आज तिने नुसतं स्टूल थोडं मागे सरकवलं.

"बरं," तो कोपर चोळत म्हणाला. "मी मठ्ठ आहे असं समज आणि सांग."

"समजायचं काय त्यात? सुट्ट्या, वर आग ओकणारं ऊन, आत एसी. रविवारी आपण भिंतीवर नुसता उजेड पाडला तरी माणसं येऊन बसतील. वितरक रविवार बघतच नाही. तो बघतो सोमवार. हो की नाही?"

"हो."

"मग आज जे परत गेले ते उद्या येणार. चिडून येणार, हट्टाने येणार, शेजाऱ्याला घेऊन येणार. मिळालं नाही म्हटलं की जास्तच हवं होतं माणसाला. बाबा हेच करायचे. मी स्वतः पाहिलंय."

"बाबांच्या वेळी गावात करमणूक म्हणजे एक आपलं थिएटर, नाहीतर शेजाऱ्यांचं भांडण! आता माणूस इथून वळला की तडक मॉलमध्ये शिरतो. तिथेही हाच सिनेमा लागलाय. खुर्ची मागे कलते तिथे. पाय पसरता येतात!"

"तू उद्या बघ."

"उद्या बघू. आणि परवा सकाळी टाइल्सवाला येतोय, तेही बघू. शब्द दिलायस तू."

"दिलाय. मी काय पळून चाललेय?"

भाऊ दार आपटून गेला. दाराचा खिळा सैल होता, त्यामुळे आपटणंही धड झालं नाही.

शब्द असा होता. थिएटर दोघांचं, अर्धं अर्धं. उंच छत आणि समोर गाड्या लावायला ऐसपैस जागा बघून एका टाइल्स आणि नळांच्या व्यापाऱ्याला तिथे शोरूम काढायची होती. भाऊ गेले तीन उन्हाळे थिएटरच्या पडझडीला ठिगळं लावून टेकीला आला होता. तो म्हणाला, विकू. ताई म्हणाली, एक उन्हाळा दे. तो म्हणाला, उन्हाळा नाही, एक सिनेमा देतो. या मोसमातला मोठा सिनेमा आण. तो आपल्याकडे दुसऱ्या आठवड्यात गेला, तर टाइल्सवाल्याला मीच फाटकापर्यंत पोचवून येतो. नाही गेला, तर मंगळवारी तू सही करायची, आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही. ताईने "चालेल" म्हटलं होतं, पाण्याबद्दल मात्र काही कबूल केलं नव्हतं.

सिनेमा विज्ञानातला होता आणि थरारक होता. समुद्राच्या तळाशी एक प्रयोगशाळा, तिथे अडकलेली सात माणसं, वर येण्याची वाट बंद. आणि आतली हवा मोजणारं यंत्र ठामपणे सांगतंय की इथे आठ जण श्वास घेतायत. आठवा कोण? बस्स, एवढंच. नाव घ्यावं असा नट त्यात एकही नव्हता. पण शुक्रवारी बघून बाहेर पडलेली माणसं फाटकाशी उभी राहून एकमेकांशी कुजबुजत होती, आणि अशी कुजबुज ऐकली की ताईला आत कुठेतरी गुदगुल्या व्हायच्या. शनिवारपर्यंत लोकांनी त्याला घरगुती नाव देऊन टाकलं. "आठव्याची दोन द्या."

हल्ली सिनेमाची रिळं येत नाहीत. एक चौकोनी डबी येते, आणि ती उघडणारी किल्ली वितरक संगणकावरून पाठवतो. किल्लीला आठवड्याची मुदत. मुदत संपली की सिनेमा डबीत असतो, डबी आपल्या टेबलावर असते, पण पडद्यावर अंधार. पुढची किल्ली पाठवायची की नाही, हे वितरक सोमवारच्या गर्दीवर ठरवतो. म्हणून सगळा जीव सोमवारवर टांगलेला.

आता ही ताई कोण, ते सांगायला हवं. गावात तिला खिडकीताई म्हणत. बापाने थिएटर बांधलं तेव्हा तिकीटखिडकीची कमान मुद्दाम इतकी खाली ठेवली की आत बसलेल्याला बाहेरच्याचं तोंड दिसू नये. तोंड दिसलं की ओळख निघते, ओळख निघाली की फुकट सोडावं लागतं, असा त्याचा साधा हिशेब. त्यामुळे ताईने उभं आयुष्य या गावाचे फक्त हात पाहिले. शाईने माखलेले, पिठाने पांढरे झालेले, अंगठी फिरवत बसणारे, दोन तिकिटं मागताना हलकेच थरथरणारे. थरथरणाऱ्यांना ती न विचारता कोपऱ्यातल्या खुर्च्या द्यायची. पुढे तेच हात तीन तिकिटं मागायला येत आणि तिसरं अर्धं असतं का म्हणून हुज्जत घालत. रस्त्यात कुणी भेटलं की ताई गोंधळून जायची. मग समोरच्याने पिशवी सावरली, केस मागे केले, की तिचा चेहरा उजळायचा. "अय्या, तुम्ही होय! बाल्कनी, डावी बाजू!"

मधे दोन वर्षं ती लग्न करून गेली होती. परत आली ती थेट खिडकीत येऊन बसली. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "मध्यंतराला बाहेर पडले. पुढचं बघण्यासारखं नव्हतं." पुन्हा त्या विषयावर कुणी तिला बोलतं करू शकलं नाही.

आणि पाटी. लाकडी, लाल, तिच्यावर पांढरी अक्षरं. खिडकीच्या वर दोन आकडे होते, त्यांत ती अडकवायची. ताई शाळेत असताना एका दुपारी तिने पाहिलं होतं, की आत पुढच्या चार रांगा पूर्ण रिकाम्या असताना बाबांनी पाटी लावली आणि माणसं परत पाठवली. दुसऱ्या दिवशी फाटक मोडेल एवढी गर्दी लोटली. त्या दिवसापासून ते तिच्या मनात कोरलं गेलं होतं. हीच युक्ती तिने पुढे दोन-तीनदा केली होती, आणि दोन-तीनदा जमली होती. पण ते दिवसच असे होते की काहीही जमलं असतं.

या रविवारी फळी पाडण्याआधी खिडकीत शेवटचा आला तो एका बाईचा हात होता. अंगठ्याला चिकटपट्टी, पट्टीची कडा उचकटलेली.

"चार द्या हो. पोरांनी दोन दिवस डोकं खाल्लंय. आठवा, आठवा, आठवा."

ताईच्या हाताशी तिकिटं होती. तरी ती म्हणाली, "संपली. उद्या या."

"उद्या? उद्या मला कामावरून सुटून, घरी जाऊन, दोघांना घेऊन, सासूबाईंना घेऊन..." हात खिडकीच्या दगडावरून हलेना. "आणि उद्याही नाही मिळाली तर?"

"चार बाजूला काढून ठेवते. माझा शब्द."

"नक्की ना? माझ्याकडे ते फोनवरचं बुकिंग-बिकिंग नाही हं. मी उठून इथेच येणार."

"इथेच या. मी इथेच असते."

हात गेला. ताईने फळी पाडली. आता आपण दोघांना शब्द दिलाय, हे तिच्या लक्षात आलं.

सोमवारी सकाळी भाची धावत आली. भावाची मुलगी, कॉलेजात जाणारी. फोनवरचं बुकिंग तीच सांभाळायची. हातात फोन, चेहरा असा की हसू दाबावं की रडू, तिचं तिलाच कळत नसावं.

"आत्या, आधी बस."

"मी बसलेलीच असते. बोल."

"काल बाल्कनीतून कुणीतरी फोटो काढला. पुढच्या रिकाम्या रांगांचा. आणि बाहेर येऊन पाटीचा काढला. दोन्ही शेजारी शेजारी लावून टाकलेत. कालपासून नुसते फिरतायत."

ताईने चष्मा चढवला. डावीकडे लाल पाटी, उजवीकडे चार ओस रांगा. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पुढे कोण बसलंय? श्वास मोजा.'

"लोक हसतायत गं," भाची म्हणाली. "म्हणजे बरेचसे हसतायत."

"आणि बाकीचे?"

भाचीने फोन काढून घ्यायला हात पुढे केला, पण ताईने तो घट्ट धरून ठेवला आणि बोटाने खाली सरकवत राहिली. 'उन्हात उभं केलं म्हाताऱ्या वडिलांना, आत जागा असून.' 'लहानपणापासून जातोय या थिएटरला. यांनी तरी असं करू नये.' तिथे ती थांबली. हा कोणता हात असेल, असा विचार करत राहिली.

"फोनवर जागा दिसत होत्या ना," भाची हळूच म्हणाली. "तू पाटी लावलीस ते मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी तिकडूनही बंद केलं असतं."

"बाबांच्या वेळी फोन नव्हता," ताई म्हणाली.

भाऊ आला तो दातओठ खातच. "बघितलंस? लबाड म्हणतायत लोक आपल्याला! मेलेल्या थिएटरला निदान इज्जत तरी होती. तुझ्या सोमवारला आता कुणी फिरकलं तर मिशी उतरवीन."

"तुला मिशी नाही, पप्पा," भाची म्हणाली.

"तू गप."

दुपारच्या खेळाला पंखे जास्त आणि माणसं कमी अशी गत झाली. आणि नेमका त्याच वेळी वितरकाचा माणूस आला. सडपातळ, खांद्याला बॅग, तोंडावर ना राग ना लोभ. बाहेरच्या दालनात फाटक्या सोफ्यावर बसला, थंड पाणी मागून घेतलं आणि दाराकडे बघत राहिला. मधूनच बोटांनी सोफ्याच्या हातावर ताल धरायचा. तो ताल तिकीटखोलीत ऐकू येत होता. ताईला वाटलं, कुणीतरी आपल्या बरगडीवरच बोटं वाजवतंय.

बॅटरीकाका आत येऊन स्टुलाच्या कडेला टेकले. अंधारात बॅटरी दाखवून माणसांना खुर्चीवर पोचवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाबांच्या वेळचे तेवढे एकच उरले होते.

"किती आहेत आत?" ताईने विचारलं.

"नको विचारू."

"येतील संध्याकाळी. बाबांची युक्ती आहे, काका. तुम्हाला आठवत असेल. पुढच्या चार रांगा मोकळ्या ठेवून बाबांनी पाटी लावली होती, आणि दुसऱ्या दिवशी..."

"युक्ती?" काकांनी मान वर केली. "कसली युक्ती? अगं पोरी, त्या दिवशी पुढच्या खुर्च्यांखालची वायर ठिणग्या टाकत होती. मीच पळत सांगायला आलो. तुझ्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणाला, पुढे एक माणूस बसवायचा नाही, पाटी लाव. रात्रभर वायरमन बसवून दुरुस्त केली. माणसं परत पाठवली म्हणून दोन दिवस धड जेवला नाही तो."



"मग दुसऱ्या दिवशी गर्दी झाली ती?"

"सुट्टी होती, झाली. गर्दीला काय, व्हायचीच तेव्हा."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलंस? तू खिडकीत, मी अंधारात. बाहेर पाटी कधी लागते नि कधी निघते, मला आत काय दिसतंय? मला वाटायचं, भरलं म्हणून लावतेस."

काका उठून गेले. ताई फळीकडे बघत बसली. जवळच्या खणात चार तिकिटं वेगळी ठेवलेली होती. तिने ती काढली, सरळ केली, परत ठेवली. मग पुन्हा काढून ब्लाउजच्या बाहीत खोचली, म्हणजे चुकून विकली जायला नकोत.

संध्याकाळच्या खेळाची फळी तिने उघडली तेव्हा खिडकीत ऊन होतं, पण हात नव्हता. मग एक आला. मनगटावर रंगीत दोरा, नखांवरचा रंग अर्धा उडालेला.

"पाच द्या. पण पुढच्या चार रांगांतलीच हं."

"पुढची? मान अवघडेल. मागे छान आहेत."

"नाही नाही, पुढचीच! भुताशेजारची!" मागे खसखस पिकली.

पाठोपाठ दुसरा हात. "त्या रिकाम्या रांगांतली आहेत का?" तिसरा. "आठव्याच्या मांडीवरचं एक द्या!" हातांचा घोळका खिडकीत शिरला. घड्याळं, कडी, शाई, घाम. ज्या रांगा बाबांच्या काळापासून सगळ्यात शेवटी जायच्या, त्या आज सगळ्यात आधी संपल्या. ताईची बोटं आपसूक चालत होती. पण प्रत्येक हाताच्या अंगठ्याकडे तिची नजर आधी जात होती. पट्टी नव्हती.

जरा उसंत मिळाली तसा भाऊ आत घुसला, आणि त्याच्या मागून वितरकाचा माणूस. तिकीटखोलीत तिघं म्हणजे श्वास घ्यायचीही पंचाईत.

"सांगा साहेब," भावाचा आवाज चिरकला. "ताईलाच सांगा."

"आकडा थोडा कमीच पडतोय, मॅडम," तो माणूस म्हणाला. "दुपार पार गेली तुमची. नुसत्या आकड्यावर मी आठवडा देऊ शकत नाही."

ताईने मान हलवली. म्हणजे सही. तिला एकदम सगळं शांत वाटलं, आणि त्या शांततेचीच भीती वाटली.

"पण," तो म्हणाला, "ही जी पोरं आलीयत ना, ही पाटीपायी आलीयत. मॉलला सिनेमा आहे, तुमच्याकडे सिनेमा आणि गंमत आहे. मी वर बोललोय. पाटी रोज लावा. खेळाच्या अर्धा तास आधी, आत माणूस असो-नसो. खिडकी बंद ठेवा. उरलेली तिकिटं फोनवरून जातील. पोरं पाटीखाली फोटो काढतील, ते फोटो फिरतील. एवढं करणार असाल तर किल्ली पाठवतो. दुसरा आठवडा तुमचा. कदाचित तिसराही."

"करणार!" भाऊ म्हणाला. "करणार म्हणजे काय! ताई, अगं जिंकलीस तू! मी काल काय काय बोललो, विसर. तुझी युक्ती, बाबांची युक्ती..."

"बाबांची नाही ती," ताई म्हणाली. पण तोवर तो बाहेर पळाला होता, आणि वितरकाचा माणूस पाणी प्यायला गेला होता.

वर खण्ण आवाज झाला. लोखंडी आकड्यात लाकूड अडकल्याचा. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

बाहेर टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी ओरडलं, "सगळे श्वास रोखा!" आणि खिडकीतले हात थांबले. गर्दीचा आवाज होता, पोरांची ढकलाढकली होती, पण दगडावर हात टेकत नव्हता. ताई वाट बघत राहिली. एवढ्या वर्षांत फळी उघडी असताना खिडकी अशी ओस कधी पाहिली नव्हती तिने.

बॅटरीकाका दारात आले. "चल, मी आत जातो. खेळ सुरू होईल. आणि हो, एक बाई आली होती. तुझ्याकडे चार ठेवलीयत म्हणत होती. पोरं, म्हातारी, सगळं लटांबर घेऊन."

ताई उठली. "मग?"

"मग काय, पाटी बघून तिचं तोंडच उतरलं. म्हणाली, आता दोनदा झालं. मी म्हटलं, बाई, भरलं असेल, पाटी लागलीय. गेली."

"अंगठ्याला पट्टी होती?"

"बघितलं नाही. पोराला धरलं होतं त्या हाताने. आत्ताच गेली, फाटकापाशी असेल."

ताई खोलीबाहेर आली. खिडकीखाली पोरं पाटीकडे पाठ करून फोन उंच धरत होती. भाऊ त्यांच्यामध्ये उभा, एखाद्या लग्नघरच्या यजमानासारखा, कुणी कुठे उभं राहायचं ते सांगत.

"पाटी कुणी लावली?" ताईने विचारलं.

"मी लावली! का?" तो हसत म्हणाला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. "का गं?"

"मागे किती जागा आहेत?"

"असतील. बऱ्याच आहेत. जातील फोनवर. ताई, तू ऐकलंस ना तो काय म्हणाला ते?"

"जिच्याकडे फोन नाही तिने काय करायचं?"

"कोण ती? एक कुणीतरी असेल! एकीसाठी आठवडा घालवायचा?"

तिने एका पोराला खांद्याला धरून बाजूला केलं, टाचा उंचावल्या आणि पाटीला हात घातला. उजवा आकडा सुटला. डावा गंजलेला होता, तो अडला. तिने हिसका दिला तशी पाटी खाली आली आणि तिच्या छातीवर आपटली.

"ए काकू, एक फोटो राहिला!" कुणीतरी ओरडलं.

भाऊ तिच्यासमोर आडवा झाला. आवाज एकदम खाली आणून, दातांतल्या दातांत बोलू लागला. "ताई. ठेव ती परत. तो बघतोय सोफ्यावरून. ही पाटी खाली म्हणजे किल्ली नाही. किल्ली नाही म्हणजे उद्या सकाळी टाइल्सवाला, आणि तुझी सही. तू मागितलास ना उन्हाळा? मी सिनेमा दिला. तू म्हणालीस सोमवार. मिळाला सोमवार! आता कशाला?"

"बाजूला हो."

"अगं खिडकी तर खिडकी! बंद राहिली तर राहिली. घर तर राहतंय ना? थिएटर राहतंय ना? उद्या तू बाल्कनीत बस, आरामात सिनेमा बघ. एवढ्या वर्षांत एक तरी बघितलायस का पूर्ण?"

ताईने पाटी काखेत मारली. बाहीत खोचलेली चार तिकिटं काढून मुठीत घेतली. भाची दालनाच्या दारात उभी होती, फोन हातात, पण तो तिने वर केला नाही. तिच्यामागे सोफ्यावर बोटांचा ताल थांबला होता. वितरकाचा माणूस उठून उभा राहिला होता, बॅग खांद्याला लावून.

"साहेब, एक मिनिट," भाऊ त्याला म्हणाला, आणि पुन्हा इकडे वळला. "ताई, मी तुला विचारतोय. मी काय सांगू यांना? पाटी लागणार की नाही? हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण बोल काहीतरी!"

ती त्याच्या खांद्याला वळसा घालून निघाली. पाटीचा कोपरा त्याच्या शर्टाला घासून गेला. पायऱ्या उतरून ती उन्हात आली, डोळ्यांवर हात धरून फाटकाकडे पाहिलं आणि पावलं उचलली.

"ताई!"

फाटकापलीकडे, रस्त्याच्या कडेला, पाठमोरी चार माणसं चालली होती. एक म्हातारी, दोन पोरं, आणि मधे एक बाई. चेहरा दिसत नव्हता. ताई त्यांच्या हातांकडे बघत भराभर चालू लागली.